चेहऱ्याची बाजू

१

लाँड्रीत कपडा आला की आधी त्याचे खिसे उलटे करायचे, हा ताईचा नियम. मालक कधीतरीच डोकावायचे, त्यामुळे दुकान तसं ताईचंच होतं. ती पुढे काउंटरवर असायची आणि मी मागच्या खोलीत इस्त्रीच्या टेबलाशी. माणसांशी बोलायचं काम तिचं, कपड्यांशी माझं. मला ते बरं होतं. मी शाळा सोडली ती अभ्यासामुळे कमी आणि वर्गात उभं राहून बोलावं लागायचं म्हणून जास्त. ताई आधी रागावली, मग समजावून थकली आणि शेवटी स्वतःबरोबर कामाला घेऊन आली. आई गेल्यापासून मला कुठेही न्यायचं ते तीच नेत आलेली आहे.

खिशांतून काय काय निघतं ते सांगून पटायचं नाही. बसची तिकिटं, गोळ्यांची पाकिटं, एकदा तर अख्खी दातांची कवळी निघाली. "हसत हसत काढून ठेवली असेल," असं म्हणून ताई दिवसभर हसत होती. सापडलेली वस्तू ती लहान पाकिटात घालून टाचणीने त्या कपड्याला लावून ठेवायची. परदेशी नाणं निघालं तर गिऱ्हाईक बहुतेक वेळा म्हणायचं, "राहू दे, तुमच्या भावाला द्या." माझा संग्रह असा जमला. मधे भोक असलेली नाणी, लाटांसारख्या कडेची, मासा कोरलेली, ताडाचं झाड कोरलेली. मी या शहराबाहेर कधी गेलो नाही, पण माझ्या टिनच्या डब्यात बरंच जग होतं.

रविवारी सकाळी आम्ही नाणीवाले घड्याळकाकांच्या दुकानात जमायचो. काका घड्याळं दुरुस्त करायचे आणि आमच्यात सगळ्यांत जुने संग्राहक तेच. दुसरा टपाल, म्हणजे पोस्टमन. त्याच्या तोंडाला झाकण नव्हतं. मला ते दोघं 'इस्त्री' म्हणायचे. तिथली शिस्त कडक होती. नाणं या हातातून त्या हातात द्यायचं नाही. एकाने हिरव्या मखमलीच्या तबकात ठेवायचं, मग दुसऱ्याने उचलायचं, तेही दोन बोटांनी कडेला धरून. चेहऱ्याच्या बाजूला बोट लागलं की काका ओरडायचे, "अरे, तो राजा आहे, त्याच्या नाकाला हात लावतोस?" मधल्या दिवसांत नवीन नाणं मिळालं तर फोनवरच्या ग्रुपवर फोटो टाकायचा. आधी चेहऱ्याची बाजू, मग मागची. बाकीचे 'वा' म्हणायचे. मला आयुष्यात 'वा' तेवढ्याच ठिकाणी ऐकायला मिळायचं.

२

तो राखाडी कोट एका दुपारी आला. वरच्या खिशात नाणं निघालं. ताईने नेहमीसारखं पाकिटात घालून कोटाला लावलं. माणूस कोट न्यायला आला तेव्हा मी मागे होतो. मला फक्त ताईचा आवाज ऐकू आला.

"अहो, हे तुमचं. खिशात होतं."

तो काय म्हणाला ते वाफेच्या आवाजात कळलं नाही. दाराची घंटा वाजली आणि ताई पाकीट घेऊन मागे आली.

"घे बारक्या. म्हणाला, आता तुमच्याकडेच राहू दे."

"कसा होता गं माणूस? परदेशी?"

ती सांगायला गेली आणि थांबली. ताई गिऱ्हाईक विसरत नाही. कोणाच्या शर्टावर कसला डाग होता तेसुद्धा तिला वर्षभराने आठवतं.

"असा... मध्यमच होता रे. चेहरा काही लक्षात राहण्यासारखा नव्हता." मग हसली. "कोट मात्र चांगल्या कापडाचा होता."

नाणं जड होतं, पण फार झिजलेलं. एका बाजूला मानेपासून वर डोक्याची नुसती सावली, म्हणजे पाहणाऱ्याने मनाने भरून घ्यायची तेवढीच. दुसरी बाजू साफ सपाट. अक्षर नाही, साल नाही, देशाची खूण नाही.

रविवारी ते तबकात ठेवलं. काकांनी डोळ्याला भिंग लावून ते बराच वेळ उलटसुलट केलं. मग आवाज ऐकायला म्हणून काउंटरच्या काचेवर वीतभर उंचीवरून सोडलं. चांदी असेल तर आवाज घुमतो, हलका धातू असेल तर टिणटिणतो. ते नाणं काचेवर पडलं आणि थप असा आवाज आला. तळहातावर तळहात टेकवल्यासारखा.

"शिसं असेल," टपाल म्हणाला.

"शिसं नाही." काकांनी नाणं उचललं नाही. तबक माझ्याकडे सरकवलं. "इस्त्री, तू उचल ते."

"काय झालं काका?"

"काही नाही. कोमट लागलं." त्यांनी बोटं पँटला पुसली. "तू दिवसभर वाफेत असतोस, खिशात गरम झालं असेल."

आम्ही तिथे जमून तास होऊन गेला होता आणि खिडकीतून थंड वारा येत होता. पण काका म्हणाले ते मला पटलं. पटवून घेतलं म्हणा.

३

नाणं दुकानात टेबलावरच्या बशीत असायचं. ताई मागे आली की ते उचलायची आणि बोलता बोलता अंगठ्याने त्याचा चेहरा चोळत राहायची.

"ताई, कडेला धर! झिजतं ते."

"आणखी काय झिजणारे यात? गुळगुळीत तर आहे." आणि पुन्हा चोळायची. "छान वाटतं रे हाताला. कोणाचा तरी गाल असावा तसं."

मी ते डब्यात ठेवलं. दुसऱ्या दिवशी ते तिच्या हातात होतं. डब्यातून कधी काढलं हे तिलाही सांगता येईना. काउंटरवर बसून हिशेब करताना, फोनवर बोलताना तिचा अंगठा गोल गोल फिरत असायचा.

मग एका सकाळी मी ते तिरप्या उजेडात धरलं आणि पाहतच राहिलो. सावलीला कपाळ आलं होतं. नुसतं कपाळच नाही, त्याखाली नाकाचा उंचवटा आणि मागे बांधलेल्या केसांच्या रेघा होत्या. बाईचं डोकं होतं ते.

नाणं वापराने झिजतं, उठत नाही, हे मला चांगलं ठाऊक होतं. पण मी मनाशी म्हटलं, वर जुना मळ बसला असेल, तिच्या हाताच्या तेलाने तो सुटला. शिकलेलं सगळं खोटं ठरवायला एवढं एक कारण पुरलं. मी फोटो टाकला. टपालने लगेच लिहिलं, 'वा इस्त्री! राणी निघाली की! रागीट दिसतेय, जपून.' काकांनी काहीच लिहिलं नाही.

त्यानंतर मी ताईला अडवलं नाही. अडवायचं सोडाच, दुपारी गिऱ्हाईक नसलं की मीच नाणं तिच्यापुढे करायचो. "ताई, घे ना, चोळ जरा." देश कळावा, नाव कळावं, रविवारी तबकात ठेवल्यावर सगळ्यांनी वाकून पाहावं, एवढीच माझी हाव होती.

"फुकटची मोलकरीण मिळालीय ना तुला," असं म्हणायची आणि घ्यायची.

४

त्याच सुमाराला तिचा चष्मा घसरायला लागला.

"दांडी सैल झालीय," म्हणून ती चष्म्याच्या दुकानात जाऊन आली. दुकानदाराने दांड्या आवळून दिल्या. संध्याकाळपर्यंत चष्मा पुन्हा ओठांपर्यंत खाली. शेवटी तिने मागून दोरा बांधला. मी म्हटलं, "मास्तरीण दिसतेस." ती म्हणाली, "मग छडी आण."

मग तिच्या फोनचं सुरू झालं. चेहरा दाखवला की उघडणारा फोन होता तो. तिने घासाघीस करून घेतलेला, तिची एकुलती एक चैन. तो उघडेना. ती त्याला समोरून दाखवायची, चष्मा काढून दाखवायची, दारात उजेडात जाऊन दाखवायची.

"मेला मला ओळखतच नाही!"

"पुन्हा नोंदव चेहरा."

"नोंदवला ना. म्हणतो, चेहरा दिसत नाही."

मी हसलो. फोन जुना झाला होता, पडलाही होता दोनदा. कॅमेऱ्याला चीर गेली असणार.

मग एक दिवस टपाल पत्र द्यायला दुकानात आला, तिच्या हातात देऊन मागे माझ्याकडे आला आणि हळूच म्हणाला, "नवीन बाई ठेवली का रे? ताई कुठे गेली?"

"ताईच आहे ती."

"हो का?" तो वळून पडद्याच्या फटीतून पाहत राहिला. तोंडाला झाकण नसलेला माणूस, पण त्याला विनोद सुचला नाही. "बारीक झालीय नाही? आजारी-बिजारी होती का?" उत्तर न घेताच तो मागच्या दाराने गेला.

मला राग आला. ती दिवसभर राबते, वाफ खाते, बारीक होणारच. रोज पाहणाऱ्याला हे कळत नाही, असं मी स्वतःला सांगितलं. आणि इस्त्री करता करता आठवायचा प्रयत्न केला, की आज सकाळी मी तिच्याकडे नीट कधी पाहिलं. डबा दिला ते हात आठवले. आवाज आठवला. बाकी आठवेना.

५

काकांकडून भिंग मागून आणलं होतं. देताना ते म्हणाले होते, "बघ, पण ग्रुपवर आणखी टाकू नकोस. आणि इकडे आणू नकोस." का, ते मी विचारलं नाही. मला विचारायला जमत नाही.

दुपारी नाणं खिडकीच्या कट्ट्यावर ठेवून भिंग लावलं. आता पापणीसुद्धा दिसत होती. ओठांच्या कोपऱ्यातली मुरड, हसू दाबल्यासारखी. केसांची एक बट सुटून कानावर आलेली. आणि कानाची पाळी फाटलेली होती. बारीक खाच, खालपर्यंत गेलेली.

ताईच्या डाव्या कानाची पाळी तशी आहे. मी कडेवरचा असताना तिच्या कानातलं धरून ओढलं होतं. मला काही आठवत नाही, पण गोष्ट इतक्यांदा ऐकलीय की आठवल्यासारखीच आहे. रक्त आलं, ती रडली नाही, मीच घाबरून रडलो आणि मग तिनेच मला गप्प केलं. कोणी विचारलं की ती कान पुढे करून सांगायची, "हा आमच्या बारक्याचा शिक्का."

पुढे ड्रायरचा ड्रम फिरत होता. कोणाच्या तरी कपड्याचं बटण आत दर फेऱ्याला टक टक वाजत होतं. मी ते मोजत बसलो नाही, पण ऐकत बसलो.

शेवटी मी हाक मारली. ती आत आली. मी खाली बघूनच नाणं तिच्यापुढे धरलं.

"हे बघ. कोण आहे?"

तिने घेतलं आणि डोळ्यांजवळ नेलं. चष्मा घसरला, तिने सवयीने वर ढकलला.

"चांगली आहे की." तिचा आवाज साफ होता, आपुलकीचा होता. "कोण आहे रे ही?"

"नीट बघ ना ताई. कान बघ."

"कान काय?" ती नाणं चोळायला लागली.

मी तिच्या हातातून ते हिसकावलं. आमच्यात कधी हिसकाहिसकी झालेली नाही. ती धुण्याच्या टाकीजवळच्या आरशाकडे गेली, तिथे नेहमी वाफ धरते, आणि पदराच्या टोकाने आरसा पुसायला लागली. पुसला, पाहिलं. पुन्हा पुसला.

"धूसरच आहे मेला," ती म्हणाली. "बदलायला हवा."

आरसा स्वच्छ होता. माझ्या मागची कपड्यांची रांग त्यात मला दिसत होती, शर्टांची बटणंसुद्धा. ती माझ्याकडे वळताना अर्धी वळली आणि तेव्हा, बाजूने, खिडकीच्या उजेडात मला दिसलं. कपाळापासून हनुवटीपर्यंत एकच रेघ उतरत होती. कुठेच न अडखळता.

मी डोळे मिटले. उघडले तेव्हा ती पडद्यापलीकडे गेली होती आणि कोणाला तरी सांगत होती, "उद्या संध्याकाळी मिळेल. खिसे बघितलेत ना?"

६

फेकून द्यावं असं पहिल्यांदा मनात आलं. नाल्याच्या कठड्यापर्यंत गेलोही. पण फेकलं तर काय काय फेकलं जाईल, ते कळलं आणि परत आलो.

मला नाण्यांबद्दल एकच गोष्ट खात्रीने माहीत आहे, ती काकांनी पहिल्याच रविवारी शिकवलेली. जे चोळावं ते झिजतं. इतके दिवस हे नाणं उलटं वागलं होतं. पण ते तिच्या अंगठ्याखाली. माझ्या हाताखाली काय होईल ते कोणी पाहिलं होतं?

म्हणून मी चोळायला बसलो. संग्राहकाने कधी करू नये ते केलं. राणीच्या नाकावर अंगठा ठेवला आणि दाबून घासला. एका हातात इस्त्री, दुसऱ्या हातात नाणं. जेवताना, चालताना, ताई बोलत असताना खिशात हात घालून. ते कोमट असायचं आणि अंगठ्याखाली कधी कधी अगदी थोडं हलल्यासारखं वाटायचं, झोपलेल्याचा गाल हलतो तसं. अंगठ्याला फोड आला, फुटला, घट्टा पडला.

आधी पापणी गेली, मग ओठांची मुरड.

आणि एका सकाळी ताई दुकानात येऊन दोरा माझ्या टेबलावर टाकून म्हणाली, "घे तुझी मास्तरीण. चष्मा बसला नीट." मी वर पाहिलं. नाक होतं. तेच, टोकाला जरा बसकं, सर्दीने लाल झालेलं. मला रडू येतंय हे तिच्या लक्षात आलं.

"काय रे, काय झालं?"

"वाफ गेली डोळ्यांत."

"बघू," म्हणून तिने माझी हनुवटी धरून तोंड वर केलं. आणि तिची बोटं थबकली. कपाळाला आठी पडली. आठी पडायला तिला कपाळ होतं, त्या आनंदात मी त्याचा विचार केला नाही.

"बारीक झालायस," ती म्हणाली.

७

चोळताना नाण्याला खालून आधार लागतो. अंगठा चेहऱ्यावर आणि मधलं बोट मागच्या बाजूला. मागची बाजू सपाट होती, म्हणून पहिल्या दिवसांनंतर मी ती कधी उलटून पाहिलीच नाही. इतकी नाणी पाहिली, प्रत्येकाची मागची बाजू पाहिली. याचीच पुन्हा पाहिली नाही.

राणीचं थोडंच उरलं होतं, कानाची पाळी तेवढी. तेव्हा ते हातातून निसटलं आणि फरशीवर पडलं. थप. पालथं.

कपाळ होतं. खाली घातलेली मान होती. इस्त्रीवर वाकून राहिल्यासारखी.

मी फरशीवर बसलो. मग खिशातून फोन काढून तोंडासमोर धरला, माझाही चेहरा बघूनच उघडायचा. तो उघडला नाही.

मला तो राखाडी कोटवाला आठवला. त्याला मी पाहिलेलं नाही, पण आठवला. तोही कोणासाठी तरी चोळत बसला असेल का? का नुसता कंटाळून नाणं आमच्याकडे सोडून गेला? आता कुठेतरी आरशासमोर उभा राहून नाक, ओठ, हनुवटी चाचपून बघत असेल. मला त्याचा राग यायला हवा होता, पण आला नाही. मार्ग किती सोपा होता ते मला कळलं होतं. एक शर्ट द्यायचा, वरच्या खिशात नाणं ठेवायचं. खिसे तपासणारी माणसं सगळीकडे असतात.

पाळी उरली होती. मी नाणं उचललं आणि ती घासून टाकली.

८

काल सकाळी मला उशीर झाला. मागच्या दाराची किल्ली सापडेना, म्हणून पुढून गेलो. दाराची घंटा वाजली. ताई काउंटरवर हिशेब करत होती, चष्मा नाकावर घट्ट बसलेला, सुटलेली बट कानावर आलेली. खाच स्वच्छ दिसत होती. फोन तिच्यासमोर उघडा पडला होता.

तिने वर पाहिलं. मी हसलो, म्हणजे हसायला गेलो.

"बोला," ती म्हणाली. "कपडे द्यायचेत की न्यायचेत?"

ती थट्टा करते कधी कधी. मी थांबलो. ती हसायची वाट पाहत उभा राहिलो. ती उत्तराची वाट पाहत होती, पेन हातात धरून, गिऱ्हाईकाशी असते तितक्याच प्रेमाने. मग मागे वळून तिने पडद्याकडे हाक मारली, "बारक्या, आलास का रे?" आतून उत्तर आलं नाही. "येईल आता," ती मला म्हणाली. "भाऊ आहे माझा. जरा लाजाळू आहे, पण इस्त्री अशी करतो, बघाल तुम्ही."

मी सांगायला गेलो. वर्गात उभं केल्यावर व्हायचं तसंच झालं.

मी अंगातलं जाकीट काढून काउंटरवर ठेवलं. काहीतरी द्यायला हवं होतं. ती लगेच खिसे उलटे करायला लागली. आधी बाजूचे, मग वरचा, मग आतला चोरखिसा. तिची बोटं तळाच्या शिवणीपर्यंत जाऊन आली.

"काही नाही बघा," ती म्हणाली. "लोक काय वाट्टेल ते विसरतात. तुम्ही आधीच बघून आणलंत, बरं केलंत."

नाणं माझ्या हातात होतं. हात मी काउंटरखाली धरला होता. ते कोमट होतं आणि मी ते कडेला धरलं होतं, दोन बोटांनी, काकांनी शिकवलं तसं.

"नाव काय लिहू?" तिने विचारलं.